वाचनगटासाठी 'किंग लिअर' : कुठून सुरुवात करावी, काय पाहावे?

शमी :

नमस्कार. आमच्या वाचनगटाने यंदा एक इंग्रजी शोकांतिका सावकाश आणि मोठ्याने वाचायचे ठरवले आहे. घरच्या माणसांची निष्ठा आणि घरच्याच माणसांनी केलेला घात हा विषय सर्वांनी मिळून निवडला. गटात निवृत्त शिक्षक आहेत, नोकरदार आहेत आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलीही आहेत. जवळजवळ सर्वांनी 'नटसम्राट' रंगमंचावर किंवा २०१६च्या चित्रपटात पाहिले असल्यामुळे ओढा साहजिकच शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'कडे आहे.

माझी काळजी वेगळी आहे. कृतघ्न मुली आणि दुर्दैवी बाप एवढ्यावरच चर्चा आटोपेल आणि आपण जे आधीपासून मानत होतो तेच पुन्हा एकदा म्हणून उठू, असे मला वाटते. म्हणून जाणकारांना विचारते : या विषयासाठी 'लिअर'च घ्यावे की दुसरे एखादे नाटक? घेतले तर कोणती आवृत्ती घ्यावी? आणि सोबत कोणते चित्रपट पाहावेत?

जुना पिंपळ :

'लिअर'च घ्या. 'हॅम्लेट'मध्येही भाऊ भावाला मारतो, पण तिथे घात नाटक सुरू होण्याआधीच झालेला असतो आणि आपल्यासमोर उरतो तो त्याचा शोध. 'लिअर'मध्ये घर आपल्या डोळ्यांदेखत मोडते.

मुलींना भावा-बहिणींचे नाटक हवे असेल, तर पुढच्या वेळी जॉन वेब्स्टरचे 'द डचेस ऑफ माल्फी' वाचा. विधवा डचेस आपल्याच कारभाऱ्याशी गुपचूप लग्न करते, आणि तिचे दोन भाऊ, त्यातला एक तर जुळा, कुळाच्या अब्रूचे नाव पुढे करून तिचा जीव घेतात. तिचे प्रेत पाहिल्यावर त्या जुळ्या भावाला स्वतःच्याच हुकमाचे ओझे पेलवत नाही. वाचताना अंगावर काटा येतो. पण सुरुवातीला ते जड जाईल.

ऋतुगंध :

शमीताई, तुमची काळजी रास्त आहे आणि तिच्यावर उपाय नाटकातच आहे. पहिल्या बैठकीत पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश एवढाच घ्या आणि तो दोनदा वाचा.

ऐंशी ओलांडलेला राजा नकाशा मागवतो आणि राज्याचे तीन वाटे करतो. वाटण्या मनात आधीच ठरलेल्या आहेत, तरीही तो भर दरबारात मुलींना विचारतो की तुमच्यापैकी कोणाचे माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे ते सांगा, म्हणजे तिला मोठे दान देईन. थोरली गॉनेरिल म्हणते की तुम्ही मला डोळ्यांच्या दृष्टीहून, मोकळ्या जगाहून, स्वातंत्र्याहून प्रिय आहात. हे वाक्य गटाला आवर्जून लिहून ठेवायला सांगा. तिसऱ्या अंकात राजाचा म्हातारा सरदार ग्लॉस्टर राजाला मदत केल्याबद्दल गुन्हेगार ठरतो, तेव्हा मधली मुलगी रीगन म्हणते की त्याला ताबडतोब फाशी द्या, आणि त्याचे डोळे काढा असे सुचवणारी असते ती हीच गॉनेरिल.

धाकट्या कॉर्डेलियाकडे मात्र सांगण्यासारखे काहीच नसते. मुलीच्या नात्याने जेवढे बांधील आहे तेवढे प्रेम करते, कमी नाही आणि जास्तही नाही, असे ती सांगते. पुढे विचारते की माझ्या बहिणींचे सगळे प्रेम वडिलांवरच असेल तर त्यांनी नवरे कशासाठी केले? माझे लग्न होईल तेव्हा माझे अर्धे प्रेम आणि अर्धी कर्तव्यबुद्धी नवऱ्याबरोबर जाईल. या उत्तरावर तुमच्या गटातल्या मुली काय म्हणतात ते आधी ऐकून घ्या आणि ज्येष्ठांना नंतर बोलू द्या.

मला या नाटकात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की खरी निष्ठा इथे वारंवार आज्ञा मोडणाऱ्यांच्या बाजूला दिसते. कॉर्डेलियाने बापाचा शब्द खाली पडू दिला, म्हणून तिचा वाटा गेला. बर्गंडीच्या सरदाराने हुंड्याविना तिला नाकारले आणि फ्रान्सच्या राजाने मोकळ्या हाताने स्वीकारले. तिची बाजू घेऊन केंट या सरदाराने राजाला तोंडावर सुनावले, म्हणून तो हद्दपार झाला. आणि हाच केंट वेश पालटून, आवाज बदलून त्याच राजाच्या दारी चाकरी मागायला येतो. उलट ज्या दोघींनी शब्दाला शब्द जोडून आज्ञाधारकपणा दाखवला, त्या प्रवेश संपायच्या आतच वडिलांच्या लहरीपणाची चर्चा करू लागतात.

या धाग्याचे टोक हवे असेल तर तिसऱ्या अंकाचा सातवा प्रवेश पाहा. रीगनचा नवरा कॉर्नवॉल याने ग्लॉस्टरचा एक डोळा फोडला आहे. तेवढ्यात कॉर्नवॉलचाच एक नोकर पुढे होतो. नाटककाराने त्याला नावसुद्धा दिलेले नाही. तो धन्याला म्हणतो की लहानपणापासून मी तुमची सेवा केली, पण तुम्हाला आता थांबा म्हणतो आहे याहून चांगली सेवा माझ्या हातून कधीच घडलेली नाही. तलवारी उपसल्या जातात. कॉर्नवॉलला जखम होते आणि तीच पुढे त्याच्या जिवावर बेतते. रीगन दुसऱ्याची तलवार घेऊन त्या नोकराला पाठीमागून मारते. त्याच्या वाट्याला ओळी मोजक्याच आहेत, पण त्या तुमच्या गटातल्या सर्वांत चांगल्या वाचकाला द्या. बालपणापासून अन्न खाल्लेल्या घराशी त्याने बेइमानी केली की त्याच घराची शेवटची इभ्रत राखली, या प्रश्नावर आमच्याकडे एक अख्खी संध्याकाळ गेली होती, आणि ती वाया गेली असे कोणालाही वाटले नाही.

आणखी एक जागा सांगते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोघी बहिणी मिळून राजाच्या शंभर सरदारांची संख्या उतरवत नेतात : पन्नास, पंचवीस, मग दहा किंवा पाच तरी कशाला, आणि शेवटी एक तरी हवा कशाला. आपल्याला राजाची दया येते आणि ती यावीही. पण मधेच, रीगन पंचविसांवर अडून बसल्यावर, लिअर गॉनेरिलकडे वळून म्हणतो की तुझे पन्नास हे पंचविसांच्या दुप्पट आहेत, म्हणजे तुझे प्रेम तिच्या दुप्पट. प्रेम मोजून घ्यायची सवय त्यानेच घराला लावली होती आणि इतके सोसूनही ती सुटलेली नाही. ही ओळ घाईत निसटते, म्हणून तिथे थांबून ती पुन्हा वाचा.

केतकी :

ऋतुगंध यांच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु थोरल्या दोघींना पहिल्याच बैठकीत दोषी ठरवू नये असे सुचवते. वडिलांचे सर्वाधिक प्रेम धाकटीवर होते हे गॉनेरिल पहिल्याच प्रवेशात उघडपणे म्हणते. ज्या बापाने लाडक्या मुलीला एका उत्तरासाठी टाकले, तो उद्या आपले काय करील ही भीती निराधार नाही. पुढे शंभर शस्त्रधारी पुरुष तिच्या घरात येऊन राहतात आणि विदूषकाला रागे भरल्याबद्दल राजा तिच्या माणसावर हात टाकतो. तिने तक्रार केली, तर तो तिला वांझ राहशील असा शाप देतो, आणि तोही तिच्या नवऱ्यासमोर. तो शाप गटात कोणाला तरी सावकाश वाचायला लावा. नंतरचे तिचे क्रौर्य यामुळे क्षम्य ठरत नाही. पण या घरातल्या घाताची मुळे कुठवर गेली आहेत ते त्याशिवाय कळत नाही.

चित्रपटांबद्दल : याच कारणासाठी मी पीटर ब्रूक यांचा १९७१चा, पॉल स्कोफील्ड यांची भूमिका असलेला कृष्णधवल चित्रपट आधी पाहायला सांगेन. ब्रूक यांनी १९६२मध्ये स्कोफील्ड यांनाच घेऊन हे नाटक रंगमंचावर केले होते. त्यात राजाचे सरदार खरोखरच धुडगूस घालत आणि गॉनेरिलच्या तक्रारीला वजन येई. त्याच वर्षीचा, म्हणजे १९७१चा, ग्रिगोरी कोझिंत्सेव यांचा रशियन चित्रपटही मिळवा. पास्तरनाक यांचे भाषांतर आणि शोस्ताकोविच यांचे संगीत त्याला लाभले आहे, आणि राजघराण्यातल्या भांडणाची किंमत रस्त्यावरची माणसे कशी चुकवतात हे त्यात दिसते तसे दुसरीकडे कुठेच मला दिसले नाही. गटातल्या तरुणांसाठी रिचर्ड एअर यांचा २०१८चा चित्रपट बरा पडेल. तो आजच्या लंडनमध्ये घडतो. अँथनी हॉपकिन्स लिअर आहेत आणि एमा थॉम्पसन गॉनेरिल.

कुरोसावा यांचा १९८५चा जपानी चित्रपट 'रान' मात्र नाटक वाचून झाल्यावरच पाहा. तिथे मुलींच्या जागी तीन मुलगे आहेत, आणि म्हाताऱ्या सरदाराने तरुणपणी ज्यांची घरे बेचिराख केली त्यांच्याच मुली त्याच्या सुना झालेल्या आहेत. शेक्सपिअरने लिअरच्या पूर्वायुष्याबद्दल जे मौन पाळले, ते कुरोसावांनी भरून काढले आहे. ते आधी पाहिले तर नाटकातही आपण तेच शोधत बसतो.

तळटीप :

आवृत्तीबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. हे नाटक दोन रूपांत आपल्यापर्यंत पोहोचले आहे. पहिले १६०८मध्ये सुट्या पुस्तकाच्या रूपात छापले गेले, दुसरे १६२३च्या समग्र नाटकांच्या खंडात. पहिल्यातल्या सुमारे तीनशे ओळी दुसऱ्यात नाहीत आणि दुसऱ्यातल्या सुमारे शंभर पहिल्यात नाहीत. तुमच्या विषयाला याने फरक पडतो. वादळाच्या रात्री लिअर गैरहजर मुलींवर खटला चालवतो, तो भाग फक्त १६०८च्या पाठात आहे. ऋतुगंध यांनी सांगितलेला तो नोकर मेल्यानंतर उरलेले दोन नोकर ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणायचे ठरवतात, तेही फक्त तिथेच. उलट मरतेवेळी लिअर कॉर्डेलियाच्या ओठांकडे पाहा, पाहा म्हणतो, ते शब्द फक्त १६२३च्या पाठात सापडतात. आर्डन मालिकेतली आर. ए. फोक्स यांनी संपादित केलेली १९९७ची आवृत्ती घेतलीत तर कोणती ओळ कोणत्या पाठातली, हे लहान अक्षरांच्या खुणांनी ओळीजवळच कळते. फोल्जर ग्रंथालयाचा पाठ महाजालावर विनामूल्य वाचता येतो, तो मुलींना सोयीचा पडेल. मराठीतून सोबत हवी असेल तर विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' शेजारी ठेवा.

थोडा इतिहासही सांगा, कारण शेवट वाचताना तो उपयोगी पडतो. शेक्सपिअरच्या आधीच्या, १६०५मध्ये छापलेल्या जुन्या 'किंग लिअर' नाटकात राजाला राज्य परत मिळते आणि धाकटी मुलगी जिवंत राहते. ती गोष्ट माहीत असलेल्या प्रेक्षकांसमोर शेक्सपिअरने कॉर्डेलियाला तुरुंगात फासावर चढवले. पुढे १६८१मध्ये नाहम टेट यांनी नाटक पुन्हा लिहून तिचे ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याच्याशी लग्न लावून दिले, विदूषकाला वगळले, आणि इंग्रजी रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे हेच रूप चालले. सॅम्युएल जॉन्सन यांनी लिहिले आहे की कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपल्याला इतका धक्का बसला की संपादनाची वेळ येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचणे त्यांना सोसवले नाही.

शमी :

सर्वांचे मनापासून आभार. पहिली बैठक झाली आणि ठरल्याप्रमाणे एकच प्रवेश दोनदा वाचला. मुलींपैकी एक ठामपणे म्हणाली की कॉर्डेलियाने हट्ट केला आणि त्याची किंमत सगळ्या देशाने मोजली. त्यावर बराच वाद झाला. दुसरीने पुढे वाचून ठेवले होते. तिचा प्रश्न असा की आंधळ्या ग्लॉस्टरला हात धरून नेणारा एडगर आपली ओळख का सांगत नाही? हीसुद्धा एक प्रकारची प्रतारणाच नव्हे का?

जुना पिंपळ :

प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना ग्लॉस्टरच्या दोन्ही मुलांना एकत्र पाहावे लागेल. नाटकाच्या पहिल्याच संवादात ग्लॉस्टर एडमंडच्या देखत, परक्या माणसासमोर, त्याच्या अनौरस जन्माबद्दल चावट बोलतो. एडमंड त्यावर काहीही बोलत नाही. पुढे तो खोटे पत्र रचून भावाला घराबाहेर काढतो आणि बापाचे खरे पत्र कॉर्नवॉलच्या हाती देतो, तेव्हा कॉर्नवॉल त्याला म्हणतो की माझ्या प्रेमात तुला अधिक मायाळू बाप मिळेल. ते वाक्य ऐकून मला प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण एडमंडला आयुष्यभर हवे होते ते एका खुनशी माणसाच्या तोंडून मिळते आहे. मरताना दोन्ही बहिणींची प्रेते समोर असताना तो म्हणतो की तरीही एडमंडवर कोणाचे तरी प्रेम होते.

एडगरला बापाने एका पत्रावर विश्वास ठेवून टाकले. तो वेडा भिकारी होऊन रानात राहतो आणि बाप आंधळा होऊन समोर येतो, तेव्हा त्याचा हात धरतो. आपण बापाच्या निराशेशी असा खेळ करतो तो त्याला बरे करण्यासाठीच, असे त्याचे म्हणणे आहे. पण शेवटी, भावाशी द्वंद्वाला जाताना ओळख दिल्यावर, आनंद आणि दुःख एकदम न सोसून ग्लॉस्टरचे हृदय फुटले, हे सांगताना इतके दिवस लपून राहिलो हा आपला दोष होता, असे एडगर स्वतःच कबूल करतो. तुमच्या विद्यार्थिनीला तो उतारा पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात मिळेल. त्याच्या शेजारी चौथ्या अंकाचा सातवा प्रवेश ठेवून वाचायला सांगा. तिथे जागा झालेला लिअर कॉर्डेलियाला म्हणतो की तुझ्याजवळ विष असेल तर मी पिईन, माझा राग धरायला तुला कारण आहे, आणि ती म्हणते की काही कारण नाही, काही कारण नाही. एका लेकराने बापापुढे उशीर केला आणि दुसरीने क्षणाचाही केला नाही. दोन्ही प्रवेश एकाच बैठकीत घ्या आणि दुसरा प्रवेश वाचायला त्याच मुलीला द्या, जी कॉर्डेलियाला हट्टी म्हणाली.

तळटीप :

एक राहून गेले. नाटकातले शेवटचे भाषण १६०८च्या पाठात अल्बनी म्हणतो आणि १६२३च्या पाठात एडगर. अल्बनी हा गॉनेरिलचा नवरा, बायकोचे कारस्थान उशिरा ओळखलेला. एडगर हा बापाने टाकलेला मुलगा. शेवटच्या बैठकीत त्या चार ओळी दोघांकडून एकामागून एक वाचून घ्या. आपण जे वाटते ते बोलावे, जे बोलायला हवे ते नव्हे, अशा अर्थाचे ते शब्द आहेत, आणि कोणाच्या तोंडी ते अधिक शोभतात हे गटालाच ठरवू द्या.