सोसायटीचा सर्व्हर अपडेटनंतर उठेना

ए-१०१, सचिव: ऑफिसातला सर्व्हर चालू होत नाहीये. रात्री लाइट गेली, यूपीएसही संपला. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू झालं, पण काळ्या स्क्रीनवर अडकलंय. गेटची नोंद आणि बिलांचं सॉफ्टवेअर दोन्ही बंद. शेवटची ओळ अशी आहे: ‘कर्नेल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. फोटो टाकलाय.

डी-२०५: हार्डडिस्क गेली. नवी आणा, सगळं परत टाका. उगाच वेळ घालवू नका.

सी-७०२: काका, थांबा जरा. डिस्क मेली असती तर कर्नेलच (सिस्टमचा गाभा) लोड झालं नसतं, तेही त्याच डिस्कवर आहे. (०,०) म्हणजे कर्नेल सुरू झालं, पण त्याला एकही डिस्क ओळखता आली नाही. डिस्कचे ड्रायव्हर ज्या फाइलमधून मिळतात ती इनिटरॅमएफएसची फाइल सापडलेली नाही. डेटा जागच्या जागी असणार. सचिवसाहेब, फॉरमॅट नको, रीइन्स्टॉल नको, आणि बटण दाबून सारखं बंद-चालूही करू नका.

ए-१०१, सचिव: पण मशीनला कुणी हातच लावलेला नाही.

बी-४०३: लावायला लागतही नाही. आपल्यासारख्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर सिक्युरिटी अपडेट आपोआप येतात, नवं कर्नेल त्यातूनच येतं. मशीन मात्र आपणहून रीबूट होत नाही, मूळ सेटिंगच तसं आहे. म्हणजे बिघाड आधीच होऊन बसलेला असतो, मशीन जुन्या कर्नेलवर निवांत चालू असतं, आणि लाइट गेली की पितळ उघडं पडतं.

एच-६०१: मागच्या बूटचा (मशीन सुरू झालं त्या वेळचा) लॉग बघा ना, ‘जर्नलसीटीएल -बी -१’. त्यात सगळं कळेल.

सी-७०२: या केसमध्ये नाही कळणार. रूट डिस्क (सिस्टमची मुख्य डिस्क) माउंट व्हायच्या, म्हणजे जोडली जायच्या आधीच पॅनिक झालंय, लॉग लिहायला जागाच नव्हती. त्या कमांडला लाइट जाण्यापूर्वीचं बूट दिसेल. पुरावा म्हणजे साहेबांनी टाकलेला फोटो, तेवढाच.

सी-७०२: आता हे करा. मशीन बंद करून चालू करा. कंपनीचा लोगो गेला की लगेच एस्केप, एकदाच. जुन्या बायॉसचं मशीन असेल तर एस्केपऐवजी शिफ्ट दाबून धरायचं. घाईत एस्केप दोनतीनदा दाबलं गेलं तर मेनू दाखवणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमचं नुसतं ‘ग्रब>’ दिसेल, तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारा आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप. मेनू आला की ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’. आत कर्नेलची यादी आहे, सगळ्यात वरचं नवं. त्याच्या खालचं निवडा, ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेलं नको.

ए-१०१, सचिव: चालू झालं! लॉगिन आलं. गेटवाल्यांचंही सुरू झालं म्हणतात.

डी-२०५: वा. मग झालं की काम.

बी-४०३: कुठलं झालं काका. परत लाइट गेली की परत तेच नवं कर्नेल उचलणार. साहेब, या तीन कमांड द्या आणि स्क्रीनचा फोटो टाका: ‘युनेम -आर’ (कुठलं कर्नेल चालू आहे), ‘डीएफ -एच /बूट’ (कर्नेल ठेवायच्या /बूट या भागात जागा किती), ‘एलएस -एलएच /बूट’ (तिथल्या फाइली).

ए-१०१, सचिव: युनेम म्हणतं ५.१५.०-९१. /बूट ४८८ एमबी, वापर ९८ टक्के, शिल्लक ९ एमबी. फाइलींचा फोटो खाली.

सी-७०२: हेच ते. ‘व्हीएमलिनझ’ (कर्नेलच्या फाइली) चार आहेत: ८४, ८८, ९१ आणि ९४. ‘इनिटआरडी’ (तीच इनिटरॅमएफएसची फाइल) तीनच, ९४ ची नाही. एका कर्नेलला इथे १४० एमबीच्या आसपास लागतात, त्यातले १२० एकट्या इनिटआरडीचे. तीन संचांत ४८८ संपले. चौथ्याचं कर्नेल कसंबसं मावलं, इनिटआरडी बनवताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं आणि काम अर्धवट सुटलं. ग्रबच्या मेनूत मात्र ९४ पहिल्या नंबरावर जाऊन बसलं.

एच-६०१: मग पॅकेज बसवणाऱ्या-काढणाऱ्या एपीटीला सांगा, ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ मारा, जुनी कर्नेलं जातील.

बी-४०३: ९४ चं पॅकेज अर्धवट लटकलंय, एपीटी आधी ते पुरं करायला बघणार आणि जागा नाही म्हणून परत आपटणार. आधी जागा करू. साहेब, ८४ आणि ८८ च्या इनिटआरडी फाइली ‘सुडो एमव्ही’ने /रूट या फोल्डरमध्ये हलवा. डिलीट नाही, हलवायच्या. ९१ ला अजिबात हात लावू नका, मशीन आत्ता त्यावर उभं आहे.

ए-१०१, सचिव: हलवल्या. शिल्लक आता २४९ एमबी.

बी-४०३: आता ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, अर्धवट पॅकेज पुरं होईल. मधेच थांबल्यासारखं वाटेल, इनिटआरडी बनायला वेळ लागतो. कंट्रोल-सी दाबू नका.

ए-१०१, सचिव: संपलं. शेवटी ‘डन’ आलं.

बी-४०३: छान. आता ८४ आणि ८८ रीतसर काढायची. ‘सुडो एपीटी पर्ज’ आणि पुढे पॅकेजची नावं: लिनक्स-इमेज, लिनक्स-मॉड्यूल्स, लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा, लिनक्स-हेडर्स, प्रत्येकाला तो आकडा आणि ‘-जेनेरिक’ जोडून. एखादं बसवलेलंच नसेल तर नुसतं सांगेल, घाबरू नका. ‘वाय’ दाबण्याआधी यादी वाचा, त्यात ९१ किंवा ९४ दिसलं तर ‘एन’ दाबा आणि इथे विचारा. ‘आरएम’ने /बूटमधून फाइली उडवणारे असतात, पण मग पॅकेजच्या नोंदीत कर्नेल शिल्लक राहतं.

सी-७०२: रीबूटच्या आधी दोन गोष्टी तपासा. ९४ ची इनिटआरडी आकाराने ९१ च्या जवळपास हवी. अर्धीच दिसली तर तुटलेली आहे, मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ५.१५.०-९४-जेनेरिक’. आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ दिल्यावर ९४ च्या ‘फाउंड लिनक्स इमेज’ खाली ‘फाउंड इनिटआरडी इमेज’ ही ओळ आलीच पाहिजे. ती नसेल तर रीबूट करू नका.

ए-१०१, सचिव: आकार दोन्हीचे सारखेच. इनिटआरडीची ओळही आहे.

एच-६०१: माझं मत, हे ऑटोमॅटिक अपडेट बंदच करून टाका. दुखणंच नको.

सी-७०२: अजिबात नको. हे मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे आणि त्यात सगळ्यांचे फोन नंबर आहेत. अपडेटमध्ये खोट नव्हती, जागा नव्हती. जुनी कर्नेलं का साचली ते बघू. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ द्या, हाताने बसवलेल्या पॅकेजची यादी येईल, त्यात ८४ किंवा ८८ दिसतंय का?

ए-१०१, सचिव: एपीटी त्यांना ‘पर्ज’ करून मोकळं झालंय, आता कुठून दिसणार?

सी-७०२: बरोबर, उशिरा विचारलं गेलं. मग ‘/व्हार/लॉग/एपीटी’मधली ‘हिस्टरी.लॉग’ उघडा. ८४ आणि ८८ च्या नोंदीत ‘ऑटोमॅटिक’ शब्द आहे का?

ए-१०१, सचिव: चालू फाइलमध्ये नाहीत, जुन्या जीझेड (दाबून लहान केलेल्या) फाइलीत सापडल्या. दोन्ही ठिकाणी ‘कमांडलाइन: एपीटी इन्स्टॉल’ आणि कर्नेलचं पूर्ण नाव. ‘ऑटोमॅटिक’ नाही.

बी-४०३: म्हणजे कुणीतरी नाव देऊन हाताने बसवली. अशा पॅकेजला सिस्टम ‘मालकाने मागितलेलं’ धरते, साफसफाईत हात लावत नाही. यापुढे कर्नेल फक्त ‘लिनक्स-जेनेरिक’ या एका पॅकेजमधूनच येऊ दे.

डी-२०५: एक शंका. तो मेनूच आला नसता तर?

सी-७०२: चांगला प्रश्न, काका. मेनू आला म्हणजे शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ग्रब ठीक. गडबड तिथेच असेल तर जुनं कर्नेल निवडायची संधीच मिळत नाही. २०२० च्या जुलैत बूटहोल या ग्रबमधल्या सुरक्षा-त्रुटीचा पॅच आला तेव्हा रेड हॅट लिनक्सची कितीतरी मशीनं अशीच उठेनात, दोष नव्या शिममध्ये होता. अशा वेळी पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू सुरू करायचं, एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारी व्यवस्था) असेल तर ‘व्हीजीचेंज -एवाय’, मग रूट माउंट, त्याच्या आत /बूट आणि /बूट/ईएफआय, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ बाइंड करून ‘सीएचरूट’ने आपल्या सिस्टमच्या आत शिरायचं, आणि आतून शिम-ग्रब जुन्या आवृत्तीवर आणायचे. आणि कधी स्क्रीनवर ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ आलं तर कर्नेल बरं असतं, बहुतेक ‘एफएसटॅब’ (जोडायच्या डिस्कची यादी) मधली एखादी डिस्क मिळालेली नसते. बाहेरची बॅकअप डिस्क त्यात लिहिली असेल तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ (नसली तरी अडू नको) घाला.

ए-१०१, सचिव: आता रीबूट करू का?

बी-४०३: आत्ता नको, गेटवर नोंदी चालू आहेत. रात्री ११ नंतर. आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या, मॉनिटर-कीबोर्ड जोडलेलेच असू द्या आणि मी खाली येतो. /रूटमध्ये हलवलेल्या दोन फाइली तेव्हाच काढू.

ए-१०१, सचिव: ११.२० ला रीबूट झालं. युनेम ५.१५.०-९४, /बूट ६५ टक्के. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ला (बंद पडलेल्या सेवा) शून्य आलं.

सी-७०२: ६५ म्हणजे दोन संच आणि तिसऱ्याला जेमतेम जागा. तिसरं आलं की पुन्हा काठोकाठ होणार. आपोआप अपडेटच्या ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ फाइलमध्ये ‘रिमूव्ह-अनयूज्ड-कर्नेल-पॅकेजेस’ (नको असलेली कर्नेलं काढा) ‘ट्रू’ आहे का ते उद्या बघा. ‘इनिटरॅमएफएस.कॉन्फ’मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’चं (बहुतेक सगळे ड्रायव्हर) ‘डेप’ (फक्त या मशीनला लागणारे) केलं तर इनिटआरडीची फाइल बरीच लहान होते, पण मग ही डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बूट होईलच असं नाही. माझ्या मते ‘मोस्ट’च राहू द्या आणि पुढच्या इन्स्टॉलला /बूट २ जीबीचं घ्या.

एच-६०१: यूपीएसची बॅटरीही बघून घ्या त्याच फेरीत.