हक्क आणि मूळ पाठ, दोन्ही तपासा
सोलापुरातून जुनी धर्मचिकित्सेची पुस्तकं पुन्हा छापून काढायची, तर ‘लेखक वारला, हक्क (कॉपीराइट) संपले’ हा समज अर्धाच खरा. निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. आगरकर (निधन १८९५) केव्हाच मोकळे. पण नंतरच्या संपादकाची प्रस्तावना नि टिपा वेगळ्या हक्कात येतात. म्हणून जुनीच आवृत्ती शोधा, सुरुवात हिराचंद नेमचंद वाचनालयापासून करा.

स्कॅन ४०० डीपीआयवर (दर इंचाला ४०० ठिपके) करा. ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) ‘कांहीं’, ‘नाहीं’वरचे अनुस्वार खातं; एकाने मूळ मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने प्रूफ बघावं. शुद्धलेखन आधुनिक करू नका. अशा पुस्तकात एक बदललेला शब्दही विरोधकांना आयतं हत्यार देतो. ऑफसेट छपाईसाठी पृष्ठं १६च्या पटीत बसवा. पुस्तकावर सरकारजप्तीचा जुना आदेश आहे का, तेही छपाईआधीच बघा.