अनुभव धागा: संसाराच्या धबडग्यात वाचलेली ख्रिस्ती रहस्यकादंबरी

बेळगावात 1831 साली जन्मलेल्या बाबा पदमनजी यांनी 1857 साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवांच्या दुःखावरची ती कादंबरी होती, पण ख्रिस्ती लेखकाची मराठी कादंबरी आपल्या भागात किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. आज विषय रहस्यकथेचा आहे. ख्रिस्ती श्रद्धा जिच्या केंद्रस्थानी आहे अशी रहस्यकादंबरी आपण घरची कामे सांभाळून कशी वाचली, ते सविस्तर लिहावे.

कॅम्प, बेळगाव
मुलांचे डबे, यजमानांची उद्यमबागेतील पहिली पाळी आणि सासऱ्यांची औषधे यांतून मला सलग वेळ मिळतो तो भात शिजेपर्यंतचाच. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात हाती आलेली कादंबरी मी अशीच, कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचली. तीत बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही जाळल्याची कबुली एक मनुष्य पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे एकांतात आपली पापे सांगताना, देतो, आणि आळ येतो तो चर्चच्या गरीब राखणदारावर. पापनिवेदनाचे गुपित धर्मगुरूने शब्दाने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे फोडता कामा नये, असे कॅथलिक चर्चच्या कायद्याचे, म्हणजे 1983 च्या कॅनन संहितेचे, 983 वे कलम सांगते. लहानपणापासून पापनिवेदनाला जात असल्याने हा नियम मला ठाऊक होता; मात्र तो पाळणाऱ्याच्या जिवाची किती घालमेल होत असेल, याचा विचार मी त्यापूर्वी कधी केला नव्हता. अपराधी कोण हे आरंभीच कळते, तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

चौथ्या दिवशी पुस्तकात विजेच्या बिलाची माझी खूण होतीच, पण पुढे गोळ्यांची रिकामी पट्टीही दिसली. सासूबाई दुपारी वाचू लागल्या होत्या आणि चाळीस पाने पुढे होत्या. “आत्या, राखणदार सुटतो काय हो?” असे मी भाकरी थापताना विचारले, तर त्या म्हणाल्या, “फादरनी तोंड उघडलं नाही, मी कशी उघडू?” त्या आठवड्यात आम्ही दोघी जितक्या बोललो, तितक्या लग्नानंतरच्या बारा वर्षांत बोललो नसू.

निपाणी
माझी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, म्हणून तिच्यासाठी मी मोठ्याने वाचते. आम्ही ख्रिस्ती नाही. ‘पापनिवेदन’ म्हणजे काय, हे मला थांबून सांगावे लागले. राखणदाराची बायको चर्चच्या पायरीवर एकटी बसते तो भाग आला तेव्हा आईच्या बोटांतले पान तसेच राहिले, आणि “परत वाच बाई,” एवढेच ती म्हणाली.

चिकोडी
मी निवृत्त शिक्षक आहे आणि नातवंडांना शिकवणीला सोडल्यावर बाहेर बसून वाचतो. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने 1929 साली रहस्यकथेसाठी दहा नियम छापले; दैवी शक्तीने रहस्य उलगडू नये आणि गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, हे त्यांतील दोन. स्वतः धर्मगुरू असलेल्या माणसाने चमत्काराला रहस्यकथेबाहेर ठेवले, हे मला फार योग्य वाटते. एका कादंबरीत नायिकेला प्रार्थनेनंतर स्वप्नात चोराचे नाव कळले, तेव्हा माझा विरस झाला. प्रार्थनेने तिला धीर यावा. शोध मात्र तिने स्वतःच्या बुद्धीने घ्यावा. नोंदवहीची कादंबरी या कसोटीला उतरते, कारण जळक्या कागदाचा कपटा लेखकाने तिसऱ्याच प्रकरणात आपल्या डोळ्यांसमोर ठेवलेला आहे.

खानापूर तालुका
कॅम्पच्या ताईंनी लिहिलेलीच कादंबरी मीही वाचत आहे. आमच्याकडे पाऊस लागला की वीज जाते, आणि सध्या रोप लावण चालू असल्यामुळे संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन, जेवणे उरकून कंदिलाजवळ बसले, तरी दोन पानांत डोळे मिटतात. अकरा पाने उरली आहेत. खालचे वावर लावून झाले की ती वाचीन. तोवर राखणदाराचे पुढे काय झाले, ते कृपया कोणी येथे लिहू नये.