सरकारी रोख्यांचा इंडेक्स खाली कसा काय जातो? (मदत हवी आहे)

माडाखालून, फोंडा

नमस्कार मंडळी. बाबा शिक्षक होते, निवृत्त झाले. मिळालेल्या पैशांतले बरेचसे एफडीत टाकले आणि उरलेल्यांतून दोन इंडेक्स फंड (बाजाराच्या एखाद्या निर्देशांकाप्रमाणे चालणारे फंड) घेतले, एक निफ्टी ५० चा आणि दुसरा १० वर्षांच्या सरकारी रोख्यांचा. दुसरा घेताना विकणारा म्हणाला, "सर, सरकारी आहे, बुडत नाही."

गेल्या महिन्यात टीव्हीवर सांगितलं, रोख्यांचं यील्ड वाढलं. बाबा खूश. मग स्टेटमेंट उघडलं तर एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, खाली! त्या दिवशी हुमण थंड झालं तरी कोणी जेवायला उठेना.

शेअरचं मला थोडंफार कळतं. सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या, १९७८-७९ चं मूल्य १०० धरून मोजतात. निफ्टीत ५०, नोव्हेंबर १९९५ चं मूल्य १००० धरून. पण रोख्याचं व्याज ठरलेलं, मुदत ठरलेली, मग इंडेक्समध्ये वरखाली होतं ते काय? आणि १० वर्षांनी मुद्दल पुरतं परत मिळेल ना? बाबांनी वहीत तारीखसुद्धा लिहून ठेवली आहे.

आणखी एक. फंडाच्या कागदावर निफ्टीचा परतावा टीव्हीवरच्या आकड्यापेक्षा जास्त दिसतो, तो कसा?

"सल्लागाराला विचारा" असं कृपया लिहू नका. घोळ तिथूनच सुरू झालाय.

जुना खजिनदार, म्हापसा

शेवटचं आधी, ते सोपं आहे. टीव्हीवरचा निफ्टी फक्त भाव मोजतो. कागदावरचा टीआरआय असतो, म्हणजे कंपन्यांनी दिलेला लाभांश परत गुंतवला असं धरलेला. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने, म्हणजे बाजार नियामकाने, फंडांना टीआरआयशीच तुलना करायला लावली आहे.

आता रोखे. समजा एफडीची पावती बाजारात विकता आली असती. तुमच्याकडे ७ टक्क्यांची १०० रुपयांची पावती आहे आणि आज नवीन ८ टक्क्यांनी मिळते. तुमची कोण १०० ला घेईल? १० वर्षं बाकी असतील तर साधारण ९३ ला जाईल. घेणाऱ्याला त्या भावात ८ टक्के पडतात, तेच यील्ड. म्हणून यील्ड वर गेलं की भाव खाली येतो. इंडेक्स रोज हाच भाव मोजतो आणि त्यात साठत आलेलं व्याज मिळवतो. व्याज थेंबाथेंबाने येतं, भाव मात्र एका दिवसात आपटू शकतो.

खरी गोम मुदतीची आहे. एक रोखा घेऊन बसलात तर शेवटी १०० मिळतातच. पण १० वर्षांचा इंडेक्स कधी म्हातारा होत नाही. सरकारने नवा १० वर्षांचा रोखा आणला आणि उलाढाल तिकडे वळली की इंडेक्स जुन्याला काढून नव्याला घेतो. त्यामुळे या फंडाला परतफेडीची तारीखच नाही. विकणारा खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. सरकार बुडत नाही, भाव पडतो.

बाबांना तारीख हवी असेल तर टार्गेट मॅच्युरिटी फंड (ठरलेल्या तारखेला संपणारे) पाहा, किंवा रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर थेट रोखे घ्या. २०२१ पासून तिथे सामान्य माणसाला खातं उघडता येतं. आपलं गोवा सरकारही कर्जरोखे काढतं, एसडीएल म्हणतात त्यांना. पैसे तीन-चार वर्षांत लागणार असतील तर मात्र १० वर्षांचं काहीच नको.

माडाखालून, फोंडा

काका, देव बरें करूं. पावतीचं उदाहरण बाबांना लगेच पटलं, तारखेचं मात्र नाही. "मग दहा वर्षं कसली म्हणतात?" असं तीनदा विचारून झालं. पैसे बहिणीच्या लग्नासाठी आहेत, म्हणजे दोन वर्षंच. अख्खा फंड आत्ताच काढावा की थोडा थोडा?

जुना खजिनदार, म्हापसा

दोनच वर्षं? मग अख्खा काढा. एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याबद्दल फंड कापतो ती रक्कम, तेवढा तपासा. यील्ड उतरेल म्हणून वाट बघत बसू नका, ते मलाही आजवर जमलेलं नाही.