उपवासकाळात तुम्ही काय सोडता? अनुभव लिहा

काल घरातल्या आल्तारामागची, म्हणजे देव्हाऱ्यामागची, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची झावळी काढली. चर्चमध्ये नेऊन द्यायची होती, तिचीच राख बुधवारी आपल्या कपाळाला लागते आणि ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू होतो. वाळून कडक झालेली, हात लावला की पानं मोडत होती. आणि एकदम बाबा आठवले.

बाबा प्यायचे. पण राखेच्या बुधवारी सकाळच्या मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आले की बंद, ईस्टरपर्यंत थेंब नाही. रविवार धरत नाहीत म्हणून 46 दिवसांचे 40 होतात, पण बाबा रविवारही पाळायचे. म्हणायचे, रविवारी सुटलो तर सोमवारी सापडायचो नाही. पहिला आठवडा फार वाईट जायचा. हात थरथरायचे, कपाखाली बशी वाजत राहायची. मग हळूहळू ते संध्याकाळी ओट्यावर बसायला लागायचे, आम्हाला पाढे विचारायचे. आई भांडी घासताना गुणगुणायची. सगळं गाव ईस्टरची वाट बघायचं. आम्ही तिघं भावंडं मात्र प्रार्थनेत म्हणायचो, देवा, अजून दहा दिवस वाढव.

यंदा माझं काही ठरत नाहीये. मटण दर वर्षी सोडते, पण त्याचं आता काही वाटेनासं झालंय. तुम्ही कसं ठरवता?

निर्मळकर
वाचून पोटात कालवलं गं. आमच्याही घरी हेच होतं. जास्त लिहवत नाही.

खारा वारा
आम्ही कोळी. शुक्रवारी मांस नको, मासे चालतात, असं म्हटलं की आमचं सुटलं काय? म्हणून आईने मासेच सोडले. बाजारात दिवसभर सुरमई कापायची आणि घरी येऊन डाळभात. आम्हाला मात्र तळून वाढायची. वास यायचाच ना तिला. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, वास आला तरच उपास.

दोन पिल्लांची आई
डबे भरता भरता लिहितेय. मोठ्याने चॉकलेट सोडलंय. धर्मशिक्षणाच्या वर्गात कळलं की रविवार मोजत नाहीत, तेव्हापासून दर रविवारी सकाळी सहाला उठून बसतो 😄 वाचवलेले पैसे डब्यात टाकतो, ते दानपेटीत जाणार. कुकर झाला, येते.

वाळूतला वसईकर
आखाती देशात नर्स आहे. 2025 ला राखेचा बुधवार 5 मार्चला आला, रमजान आधीच सुरू झालेला. वॉर्डातल्या सहकारी दिवसभर पाणीही घेत नव्हत्या. मी चहा सोडला होता आणि त्याचंच मोठं वाटत होतं. एकीने संध्याकाळी रोजा सोडताना पहिला खजूर मला दिला. ती चव अजून आहे जिभेवर.

नगरची चिमणी
आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या चर्चमध्ये राख लावत नाहीत. सोडण्यापेक्षा वाचनावर भर. वडील रोज रात्री शुभवर्तमानाचा एक अध्याय मोठ्याने वाचायचे. चष्मा दोऱ्याने बांधलेला. अजून तो आवाज ऐकू येतो.

तुळशीकट्टा
ख्रिस्ती नाही, लिहू का? आमच्याकडे चातुर्मासाचा नेम. आषाढात कांदेनवमीला कांदाभजी हाणायची आणि मग कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. आजी धारणं-पारणं करायची, एक दिवस जेवण, एक दिवस उपास. काय सोडलंय ते शेजारणीलाही सांगायची नाही. सांगितलं की फळ जातं म्हणे.

निर्मळकर
@तुळशीकट्टा जरूर लिहा! मत्तयच्या 6 व्या अध्यायात येशूही हेच सांगतो, उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. तुमच्या आजीची आणि आमच्या फादरांची चांगली जमली असती.

केळीचं बन
विषय वेगळा आहे, पण आगाशीची सुकेळी (वाळवलेली केळी) कुणाकडे मिळतील का? सासूबाईंना शुगर आहे, वय 74. उपास 18 ते 59 वयालाच लागू, हे फादरांनी समजावलं तरी ऐकत नाहीत. निदान संध्याकाळी तोंडात काही पडावं.

दोन पिल्लांची आई
@केळीचं बन अगं शुगरला सुकेळी नको, सगळी साखरच. शेंगदाणे भाजून दे. आणि डॉक्टरांना विचार आधी.

खारा वारा
धागाकर्ती, ईस्टरला काय व्हायचं मग?

धागाकर्ती
ईस्टरला दुपारी सुरू व्हायचं. आई जेवण मुद्दाम उशिरा वाढायची, कारण जेवणाआधीच ते बाटली काढायचे. तीन वाजायचे, कधी साडेतीन. आम्ही भुकेले असायचो पण कुणी तोंडातून शब्द काढायचं नाही.

आता धाकटा भाऊ पितो. नाताळात भांडण झालं आणि मी त्याच्याशी बोलणं सोडलं. तुमचं सगळ्यांचं वाचून ठरवलंय, यंदा रोज संध्याकाळी सातला त्याला फोन करायचा. बुधवारी केला, उचलला नाही. काल कट केला. आज उचलला, म्हणाला, जेवतोय, नंतर कर.

निर्मळकर
काय जेवत होता, विचारलंस का?

धागाकर्ती
भाकरी आणि वाल.