महिन्यातून एक रविवार उडणारे आणि त्यांचा तो बॅलन्स

डोंगरवारा:
कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणे ‘पोरंबाळं झाली तरी पॅराग्लायडिंग सोडू नका, महिन्यातून एक रविवार कामशेत गाठा, घरचे खूश आपणही खूश’. अहो तोच एक रविवार घातक आहे! हात विसरलेले असतात पण डोकं म्हणतं आपण पी-३ लेव्हलचे पायलट. मुलगी झाल्यावर सात महिन्यांनी मी टेकऑफला उभा, मार्च महिना, दुपारचे साडेबारा, थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, नुसते उकळतायत, शहाणा माणूस चारपर्यंत झाडाखाली बसला असता. पण घरी सहाला येतो सांगितलेलं, म्हणून उडालो. एका बाजूने विंग, म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, मिटली. वजन उघड्या बाजूला टाकायचं, तिकडचा ब्रेक हलकासा, एवढंच करायचं होतं. मी दोन्ही ब्रेक खाली ओढून धरले. जुनी ईएन-ए, म्हणजे नवशिक्यांना चालणारी सुरक्षित विंग होती, तिनेच मला सांभाळलं. माझं कौशल्य शून्य.

रविवारचा_पक्षी:
माझीच पोस्ट ती. मग काय नोकरी सोडून हिमाचलात बीरला जाऊन रोज उडत राहू? सीझन ऑक्टोबर ते मे, त्यात दिवाळी, परीक्षा, लग्नं, सासुरवाडी. उरतात किती रविवार मोजा. तुम्ही चुकीच्या वेळेला उडालात त्यात माझ्या पोस्टचा काय दोष?

डोंगरवारा:
उडायला कोण सांगतंय? सपाट मैदानावर ग्राउंड हँडलिंग करा की आठवड्याला दोन तास, जमिनीवर उभं राहून विंग सांभाळायचा सराव. पण त्याचे रील होत नाहीत ना.

लँडिंगवरची_बायको:
मी उडत नाही, खाली पोराला कडेवर घेऊन उन्हात उभी असते. तुम्हा दोघांच्या भांडणात खाली थांबणाऱ्याचा रविवार कोणी मोजलाय का? ‘वारा पडला की निघू’ हे वाक्य मी सहा वर्षं ऐकतेय. वारा पडतो तेव्हा अंधारही पडतो. भीतीचं मला फार काही नाही, सवय झाली. पण विम्याच्या फॉर्मवर माझ्या नवऱ्याने धोकादायक छंदापुढे ‘नाही’ लिहिलंय, ते कळलं तेव्हा दोन दिवस बोलले नाही.

कलम४५:
टर्म प्लॅन, म्हणजे नुसता आयुर्विमा असेल तर घाबरू नका. विमा कायद्याचं कलम ४५, ३ वर्षं झाली की माहिती लपवली म्हणून पॉलिसी रद्द करता येत नाही.

हिशेबनीस:
अर्धवट सल्ले देऊ नका हो! पॉलिसीतच साहसी खेळ वगळलेले असतील तर ४५ काय करणार? अपघात विम्यात तर ते बहुतेक वगळलेलेच असतात. माझा घोटा टँडम, म्हणजे दोघांच्या उड्डाणाच्या लँडिंगला मोडला, अपघात विम्याचा क्लेम एका ओळीत नाकारला, ती ओळ पान १९ वर होती.

कलम४५:
मी टर्मबद्दल बोललो, तुम्ही घोटा मधे आणलात. वाचून उत्तर द्या.

हिशेबनीस:
वाचूनच दिलंय. खोटं लिहून ३ वर्षं जीव मुठीत धरून उडायचं, हा तुमचा प्लॅन? खरं लिहा, प्रीमियम वाढेल तो भरा. लाखोंची विंग घेताना हात आखडत नाही तो.

रविवारचा_पक्षी:
धागा विम्याचा झाला का आता? आणि धोकाच म्हणाल तर एक्सप्रेसवेवर रोज बाइ—

डोंगरवारा:
आलीच बाइक! आणि एक्सप्रेसवेवर बाइकला बंदी आहे साहेब.

रविवारचा_पक्षी:
जुना हायवे म्हणायचं होतं. असो.

लँडिंगवरची_बायको:
बाइकवरून तो दूध घेऊन येतो. डोंगरावरून काय आणतो?

डोंगरवारा:
पक्षीसाहेब एकच विचारतो, आणीबाणीचं रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी रीपॅक केलंत, म्हणजे उघडून पुन्हा घडी घातलीत?

रविवारचा_पक्षी:
...लॉकडाउनच्या आधी.

डोंगरवारा:
वर्षातून एकदा तरी करायचं असतं ते! आणि हे म्हणे बॅलन्स.

रविवारचा_पक्षी:
बरं, जिंकलात, हार घालू का? पुढच्या रविवारी मैदानावर येतो, रिझर्व्हही आणतो. पण सकाळी सातलाच, साडेनऊला पोराचा स्विमिंग क्लास आहे, आणि उडायला मिळणार नाही हे घरी तुम्हीच फोन करून सांगा, माझ्यावर विश्वास बसणार नाही.

लँडिंगवरची_बायको:
आमच्या ह्यालाही न्या. मी झोपणार आहे.

कलम४५:
पॉलिसी घेऊन किती वर्षं झाली ते ताईंनी सांगितलंच नाही अजून.