मदत हवी आहे: कंटाळा न येणारा व्यायाम, आणि वेगळी चूल न मांडता खाण्यात बदल

नमस्कार मंडळी,

मी गुहागरची. वय सत्तेचाळीस, नोकरी दिवसभर खुर्चीतली. घरी आम्ही दोघं, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. नुकतंच रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 6.1 निघाली. डॉक्टर म्हणाले, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. गोळी नको, वजन उतरवा, रोज घाम काढा, भात कमी करा. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला व्यायामाचा आळस नाही, कंटाळा आहे. मोबाईलवर बघून आसनं करायला बसलं की दुसऱ्या आसनाला कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागते. जिम आहे, पण तिथे सगळी कॉलेजची पोरं. मी आत शिरले की ती बिचारी गाण्याचा आवाज कमी करतात, मग मलाच अवघडल्यासारखं होतं. उलट गौरीच्या रात्री फुगडीला मला कुणी बोलवावं लागत नाही. म्हणजे अंग हलायला तयार आहे, निमित्त हवंय.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी चहाबरोबर बेकरीतलं कडक बटर, डब्यात भात-आमटी, रात्री भात आणि माशाचं कालवण. सासूबाईंना भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. मी माझं ताट वेगळं केलं की आठवडाभर घरात तोच विषय! ओट्स, क्विनोआ, ॲव्होकॅडो कृपया सुचवू नका.

तर विचारायचं ते असं. पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू, घरापासून हाकेवर आहे, चांगली पाच-सहा किलोमीटर लांब. पण मी जाते तेव्हा नेमकं पाणी वर आलेलं असतं आणि कोरड्या वाळूत पाय रुततात. हिचा नीट उपयोग कसा करू? पावसाचे चार महिने काय करायचं? आणि भात न सोडता भात कमी कसा होतो?

प्रतिसाद, दाभोळ खाडीकडून

ताई, घड्याळ बघून समुद्रावर जाता म्हणून असं होतं. तिथी बघून जा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला पाणी भरलेलं, तुमचा पाय रुतणारच. पुनवेला आणि अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तो धरून चाला.

म्हणजे एकादशी ते चतुर्दशी संध्याकाळी जा, प्रतिपदा ते चतुर्थी सकाळी जा. ओली, घट्ट वाळू मिळेल. मधले दिवस पुळणीचा नाद सोडा आणि सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) किंवा गावातल्या रस्त्याने चाला. रोज तीच वाट नको असलेल्या माणसाला समुद्रानेच वेळापत्रक आखून दिलंय, दिनदर्शिका तेवढी भिंतीवर हवी.

आणखी एक. पुळण पाण्याकडे उतरती असते. गाडीने एका टोकाला सोडून घेऊन एकाच दिशेने चालत आलात तर एका बाजूचा गुडघा धरतो. जेवढं जाल तेवढं त्याच वाटेने परत या. अनवाणी चाललात तर घरी आल्यावर तळवे बघा, शिंपल्याने कापलेलं पटकन कळत नाही आणि तुमचं साखरेचं प्रकरण आहे.

प्रतिसाद, मालवणहून

भात सोडूक सांगल्यान तर मालवणात कोण ऐकतलो? भात नका सोडू, भाताचा ढीग सोडा. सकाळचं बटर आधी बंद. त्याजागी उकड्या तांदळाची पेज नाहीतर नाचणीची आंबील. दोन्ही घरात सगळ्यांना चालतात, त्यामुळे विषय होत नाही. रात्री कुळथाची पिठी करा, पण भातावर ओतू नका, वाटीने प्या, सोबत नाचणीची भाकरी. सासूबाई त्यांच्या भातावर घेतील, पातेलं एकच.

आणि चालायचा कंटाळा येत असेल तर तुमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते का बघा. दोर ओढायला हात लावा. खांदे, पाठ, मांड्या, सगळं कामाला लागतं. आमच्याकडे ओढणाऱ्याच्या पिशवीत चार बांगडे पडतात, जिमवाला काय देतो?

प्रतिसाद, आहार सल्ल्याचं काम करते

वरच्या पेजेबद्दल थोडं. उकडा तांदूळ पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा बरा, पण नुसती पेज पिऊन दहा वाजता भूक लागली तर हात पुन्हा बटरकडेच जाईल. सोबत अंडं किंवा मोड आलेल्या कुळथाची उसळ ठेवा. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात प्रथिनं वीस ग्रॅमच्या वर असतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तुमच्या वयाला तेही हवंच. पण नाचणीही पिठूळच. भाकरी एक, तीन नव्हेत.

जेवताना आधी भाजी आणि मासा, शेवटी भात. क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. भात ताटात हाताने वाढू नका, आमटीच्या वाटीने मोजून घाला. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारा. हे कंटाळवाणं वाटलं तर फोनवर बोलताना मारा, माहेरचे फोन त्याच वेळेला ठेवा.

खरी गोम वाटपात, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणात असते. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या वर उष्मांक. खोबरं वाईट नाही, पण कालवणात, भाजीवर आणि सोलकढीत, तिन्हीकडे एकाच दिवशी नको. एका दिवशी तिखलं (बिनखोबऱ्याचं), एका दिवशी वाटपाचं. सोलकढीऐवजी फुटी कढी, म्हणजे बिननारळाची कोकमाची कढी, चालेल. बाटलीतलं गोड कोकम सरबत मात्र नकोच.

व्यायामाचं माप आठवड्याला किमान 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर. पाण्याचे कॅन उचलले तरी तो जोरच, रापण असेल तर उत्तमच.

प्रतिसाद, संगमेश्वर

पावसाळ्याचं कोणीच बोललं नाही. आमच्या वाडीत गणपतीआधी जाखडीची, म्हणजे आमच्या कोकणी लोकनाचाची, तालीम असते, आता बायकांचाही नाच बसतो. पायात चाळ, मध्ये मृदंग, भोवती गोल. पहिलं गाणं संपेपर्यंत घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो आणि कोणाला घड्याळ बघायचं सुचत नाही. गुहागरकडे तर जाखडी गावोगाव आहे, विचारून बघा. मात्र बैठका मारत नाचायच्या चाली सुरुवातीला टाळा, गुडघे सांभाळा. फुगडीचा गट गौरीपुरता का? शाळेच्या पडवीत बुधवार-शनिवार घाला. कंटाळा एकट्याला येतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आज दिनदर्शिका काढली, द्वादशी आहे. म्हणून संध्याकाळी ऑफिसातून परस्पर पुळणीवर गेले. वाळू खरंच सिमेंटसारखी होती, माझ्या चपलेचा नीट ठसासुद्धा उमटत नव्हता. रापणवाल्यांना विचारलं, ते हसले, पण 'या' म्हणाले. फुगडीला शेजारच्या दोघी तयार आहेत, तिसरी सुनेला विचारून सांगणार आहे. (सुनेला!)

पिठीचा वाटीप्रयोग यांना आवडला, मुलाला नाही. त्याला सध्या काहीच आवडत नाही, ते सोडा.

एक अडलंय. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा आमच्याकडे सुकट, जवळा आणि सुका बांगडा चालतो. सासूबाईंचा रक्तदाब जास्त आहे, मग त्या मिठाचं काय करू? नुसतं धुऊन पुरतं की भिजत घालून पाणी टाकायचं? आणि लगेच श्रावण, घरात अंडंही बंद. मोडाचे कुळीथ रोज दिले तर घरात बंड होईल. त्या महिन्यात टाकळा-भारंगी या रानभाज्यांसोबत पोट भरेल असं प्रथिनांचं काय करता तुम्ही लोक?